मृगातला कूलर

बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्याचं कौतुक बुऱ्हाणपूरकरांनाच. इंदूरचा जावई एप्रिलात सासुरवाडीला आला, दुपारी हौसेने बाहेर पडला आणि लालबुंद होऊन परतला, की घरच्यांना मनातून बरंच वाटतं. "हे तर काहीच नाही, मे बघा आमचा!" असं म्हणायचं आणि त्याच्या पुढ्यात कैरीचं पन्हं ठेवायचं. पेपरात आपल्या शहराच्या तापमानाचा आकडा सगळ्यांत वर छापून आला तर चहाच्या टपरीवर लोक असे बोलतात, जणू ह्यांनीच तो कष्ट करून वर चढवलाय. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पावरलूमची खटखट तेवढी चालू असते. हवा इतकी कोरडी, की एक टॉवेल दोरीवर टाकून दुसरा पिळेपर्यंत पहिला कडक होतो. ह्या कोरड्या हवेला सगळे शिव्या घालतात. तीच हवा माणसाला जगवत असते, हे चारुलताला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

चारुलता शाळेत शिकवायची. नवरा अरविंद, त्याचं चौकात कपड्याचं दुकान. मुलगी शिकायला बाहेरगावी. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, रंभाबाई. तुकईथड गावाकडच्या शेतकऱ्याघरची लेक, बोलायला फटकळ. सून लग्न होऊन आली तेव्हाच त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं, "शाळेत मास्तरीण, घरात पाहुणी." भाजीत मीठ कमी पडलं तरी हे वाक्य, पापड जळला तरी हेच. चारुलता उलट कधी बोलली नाही. पण इतकी वर्षं ते वाक्य तिने जपून ठेवलं होतं, हेही खरं.

होळीच्या सुमारास रंभाबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा आणि डोळे. डॉक्टरांनी घरी पाठवताना सांगितलं, ह्यांना उन्हापासून जपा. गल्लीतल्या बायकांनी तर निकालच लावून टाकला, "म्हातारी हा उन्हाळा काढत नाही."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद मंगला माहेरी आली. ती तुकईथडलाच दिलेली. आईला बघून आधी पोटभर रडली, मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "वहिनी, मायला मी घेऊन जाते. आमच्याकडे निंबाखाली खाट टाकीन. केळीचं रान लागून आहे, दिसभर गारवा असतो. तुमचं हे स्लॅबचं घर म्हणजे भट्टी."

"गावात लाइटचा काही भरवसा आहे का, मंगलाताई?" चारुलता म्हणाली. "काही झालं तर डॉक्टर कुठला आणणार? आईंना मी सांभाळते."

बोलणं रास्तच होतं. पण त्याच्या तळाशी दुसरंच काही होतं. ह्या बाईला मी उन्हाळ्यातून काढून दाखवीन, मग बघू पाहुणी कोण, असं तिच्या मनाने घेतलं होतं. रंभाबाईंचा जीव वाचवायचा होता हे तर होतंच, आणि तो तिच्याच हातून वाचायला हवा होता. मंगला एकटीच परत गेली.

मग चारुलताने खोली तयार केली. घरातली सगळ्यात आतली, उत्तरेकडची. एकुलत्या खिडकीत बाहेरून कूलर बसवला, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या. एसी नको, लकव्याचं अंग आखडतं, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. वर छताजवळ एक झरोका होता, त्यातून आतली हवा निघून जायची. दाराला खसचा पडदा आणि पडद्याबाहेर दारावर चिकटवलेला कागद, शाळेतल्या मोठ्या अक्षरात, 'दार बंद ठेवा'. ऊन चढायच्या आत खोली बंद करायची, ती दिवस कलल्यावर उघडायची. रंभाबाईंच्या अंगावर ओला पंचा. चमच्याने पन्हं, ताक, पाणी. कांद्याचा रस तळपायाला. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे बाई दिवसभर सासूच्या उशाशी. अरविंदला तर दोन-तीनदा हाकलूनच दिलं तिने, "आत-बाहेर करू नका हो, थंडावा जातो!"

आणि ते जमलं, अगदी झकास जमलं. बाहेर डांबर मऊ पडलं होतं, सायकलचं हँडल हाताला धरवत नव्हतं, आणि त्या खोलीत शिरलं की वाळ्याचा वास आणि गारवा. मे सरत आला तशा गल्लीतल्या बायका बघायला यायला लागल्या. शेजारची ज्योत्स्ना तर म्हणाली, "भाभी, सच्ची बोलते, पोटच्या पोरीनेबी इतकं नसतं केलं." कुणी झरोक्याची जागा विचारून गेली, कुणी ताट्या कुठून आणल्या ते. चारुलताही सांगायला मागेपुढे बघत नव्हती. आमच्या शहरात गुरू व्हायची हौस कुणाला नसते? आणि हिचा तर धंदाच तो. मंगलाचा फोन रोज यायचा, तिलाही ही सगळं साग्रसंगीत ऐकवायची. शेवटी एक वाक्य ठरलेलं, "मे सरला म्हणून ढील द्यायची नाही हं. लोक तिथेच चुकतात."

एका संध्याकाळी ती सासूचं तोंड पुसत होती, तेव्हा रंभाबाईंनी डावा हात उचलला आणि तिच्या गालावरून फिरवला. एकदाच, आणि हात खाली पडला. चारुलता उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. इतक्या वर्षांचं ते वाक्य त्या एका हाताने पुसून टाकलं असं तिला वाटलं. त्या महिन्यात त्या घरात दोन बायका सुखी होत्या, हे आधी सांगून ठेवतो. पुढचं सांगणं जड जाणार आहे.

मृग लागला. पाऊस नाही, नुसता मृग. वारा फिरला. झळा एकदम बंद पडल्या आणि दुपारचे ढग सातपुड्यावर येऊन बसायला लागले. एका दिवशी संध्याकाळी धुळीचं वादळ उठलं. जैनाबादेच्या अंगाने तापीवरून असा काही लोट आला की समोरचं घर दिसेना. कुठे पत्रे उडाले, केळीच्या बागा आडव्या झाल्या. झरोक्यातून पसाभर धूळ रंभाबाईंच्या अंथरुणावर, तोंडावर पडली. त्यांना ठसका लागला, तो थांबता थांबेना. चारुलताने सगळं झाडून काढलं, त्यांचं तोंड धुतलं, स्टुलावर चढली आणि जुन्या साडीचा बोळा करून झरोक्यात घट्ट कोंबला. वादळ काय रोजच येणार, म्हणून तो तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवसापासून पेपरातला आकडा उतरला. चांगला उतरला. लोक एकमेकांना म्हणाले, "सुटलो." चारुलतालाही ते कळत होतं. पण ती मनात म्हणत होती, आता चार दिवसांचा प्रश्न, पाऊस पडेस्तोवर. मे काढला त्याच रीतीने हेही काढू. खोली तशीच बंद, कूलर तसाच चालू, अंगावर पंचा तसाच ओला. फरक एवढाच होता, की पंचा आता वाळत नव्हता. सकाळी टाकलेला दुपारी काढला तरी ओलाच. हे तिच्या हाताला रोज लागत होतं, आणि तिला वाटत होतं, बरं झालं, पुन्हापुन्हा भिजवायचं काम वाचलं.

रंभाबाई डाव्या हाताने पंचा बाजूला सारायला लागल्या. ही परत टाकायची. त्या परत सारायच्या. "लहान मुलासारखं नका करू, आई," ती म्हणायची. मायेनेच म्हणायची. त्यांचं खाणं तुटलं, डोळे जड राहायला लागले. चारुलताने त्याचा दोष उतारवयाला आणि बदलत्या हवेला दिला. पन्हंही बंद झालं होतं, कारण मृगानंतर कैरी बाधते असं तिच्या माहेरी मानायचे.

अरविंद एका सकाळी खोलीत डोकावला. "चारू, इथे कोंदट वाटतंय गं. कूलर बंद करून दार उघडायचं का? बाहेर तर आता बरं आहे."

"मेमध्ये कुठे होता तुम्ही?" ती फणकारली. "आता आकडा उतरला तर सल्ले द्यायला आले. मी काढलाय ना उन्हाळा? मला करू द्या."

तो बापडा चप्पल घालून दुकानाला गेला. भांडण टाळण्यात त्याचा हातखंडा होता. त्या दिवशी त्याने भांडण केलं असतं तर फार बरं झालं असतं.

शाळा उघडायचा दिवस आला. पहिल्या दिवशी शिक्षकांना दांडी मारता येत नाही. चारुलताने पहाटे उठून सगळी तयारी केली, कूलरची टाकी काठोकाठ भरली, रंभाबाईंना चार घास भरवायला घेतले. त्यांनी दोनच खाल्ले. पंचा भिजवून अंगावर नीट पसरला, दार लावलं आणि ज्योत्स्नाला सांगितलं, "दुपारी एकदा डोकावून जा. पाणी पाज. दार जास्त वेळ उघडं ठेवू नको." शाळेत सगळ्यांनी तिला घेरलं. सासूबाई कशा आहेत, उन्हाळा निघाला ना? हो, निघाला, ती म्हणाली. खूप दिवसांनी ती मोकळेपणाने हसली. मधल्या सुट्टीत दुसऱ्या एका शिक्षिकेला तिने वाळ्याच्या ताट्यांचं दुकानही सांगितलं.

त्या दिवशी आभाळ भरून आलं आणि तसंच राहिलं. वारं हलत नव्हतं. साडी पाठीला चिकटत होती. घरी येताना चारुलताला रस्त्यावरच धाप लागली, तेव्हा तिला पहिल्यांदा सासूच्या खोलीची आठवण झाली. का, ते तिलाही कळलं नाही. ती जवळजवळ धावतच घरी आली.

दार उघडलं आणि आतली हवा तोंडावर आली. भात शिजत असलेल्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. कूलर इमानेइतबारे चालू होता, ओली गरम हवा आत ढकलत. वरच्या स्लॅबने दिवसभराची धग प्यायली होती आणि तो ती खाली सोडत होता. रंभाबाईंचं अंग हाताला पोळत होतं. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत ओळख नव्हती. पंचा त्यांच्या डाव्या मुठीत गोळा झाला होता. उरलेल्या त्या एका हाताने त्यांनी तो अंगावरून शेवटी ओढून काढला होता.

"भाभी, मी बघून गेले होते ना," मागून धावत आलेली ज्योत्स्ना रडकुंडीला येऊन म्हणाली. "झोपलेल्या होत्या. दोन चमचे पाणी पाजलं. घुसल्या-घुसल्या बरं वाटलं मला, मंग थंडी हवा जाऊ नये म्हणून लगेच दरवाजा लावून घेतला. तुम्हीच बोलल्या होत्या."

रिक्षा आली. दुकानातून अरविंद परस्पर दवाखान्यात पोचला आणि कागद करायला खिडकीपाशी उभा राहिला. आत चारुलता एकटीच होती. डॉक्टर तरुण होता, त्याने रंभाबाईंच्या काखेत, मानेला बर्फ लावायला सांगितला आणि हिच्याकडे वळून विचारलं, "घरी कूलर होता? मॅडम, मेमध्ये कूलर देवासारखा असतो. ह्या दिवसांत हवेतच इतकं पाणी असतं, की बंद खोलीत कूलर लावला तर घाम वाळत नाही. अंग आतल्या आत तापत जातं. म्हाताऱ्या माणसाला कळतही नाही, सांगताही येत नाही. खोली उघडी होती ना? हवा खेळती होती?"

चारुलताने त्याच्याकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "उघडी होती."

डॉक्टरने मान हलवली. म्हणाला, मग वयामुळेच झालं असेल. दिवस मावळायच्या सुमारास रंभाबाई गेल्या. आणि घरी आल्यावर चारुलताने पहिलं काम काय केलं असेल, तर स्टुलावर चढून झरोक्यातला तो बोळा काढला आणि मोरीत नेऊन धुतला. दारावरचा कागद फाडला. खिडकीत बाहेरून बसवलेला कूलर मात्र तिला एकटीला हलवता आला नाही.

दारावर माणसं यायला लागली. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, आमच्याकडे माणूस गेलं की लोक भेटायला येतात, त्याला दारावर येणं म्हणतात. पुरुष बाहेर ओट्यावर बसतात, बायका आत. नव्या आलेल्या बाईने दारातूनच हेल काढून रडायला सुरुवात करायची, घरच्या बाईच्या गळ्यात पडायचं, मग पाणी प्यायचं आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं. पाऊस अजून आला नव्हता. बायका पदराने वारा घेत बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती. सुनेने काय सेवा केली! असा मे, पण म्हातारीला झळ लागू दिली नाही. उन्हाळा काढून दिला, पण वेळच आली होती, त्याला कोण काय करणार. चारुलता मान खाली घालून ऐकत होती. प्रत्येक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवून जात होती. ती रडत होती ते खरंच होतं. फक्त ती कशासाठी रडतेय हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि कळू नये म्हणून ती देवाला विनवत होती.

मंगला तिला टेकून बसली होती. राख सावडून झाली, तरी ती वहिनीचा हात सोडायला तयार नव्हती. "वहिनी, मी मायला नेलं असतं ना, तर ती मेमध्येच गेली असती," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तुमच्यामुळे इतके दिस जगली. मी तर माझ्या सासऱ्यांना सांगते, सून असावी तर अशी."

"कसे आहेत ते?" कुणीतरी विचारलं.

"थकलेत. आमच्या दगा पाटलांना सगळं गाव घाबरायचं, आता खाटेवरून उठवत नाही. पण मी त्यांचं बी वहिनीसारखंच करून टाकलं. मागच्याच हप्त्यात कूलर आणला. खोली पॅक केली एकदम, खिडक्यांना पुठ्ठे मारले. रितेशला ताकीद देऊन आले, मी येईस्तोवर दिवसा दार उघडं ठेवायचं नाही म्हणून." तिने चारुलताचा हात दाबला. "तुमचीच विद्या, वहिनी."

चारुलताने मान वर केली. रितेश मंगलाचा मुलगा, आईचा शब्द मोडणारा नव्हे. बाहेर आभाळ तसंच दाबून बसलं होतं, तुकईथडलाही तेच आभाळ.

"मंगलाताई," ती हळूच म्हणाली, "आता गरज नाही त्याची. खिडक्या उघडायला सांगा."

"नाही, नाही! तुम्हीच तर म्हणता, मे सरला म्हणून ढील द्यायची नाही."

"म्हणत होते. आता उघडा. फोन लावा त्याला."

"लावीन ना संध्याकाळी. आत्ता कशाला? लाइट आहे, कूलर चालू आहे, मजेत असतील बाबा."

एवढ्यावर थांबता आलं असतं. सांगितलं तर होतं, ऐकलं नाही तर तिचा काय दोष? हा विचार चारुलताच्या मनात आला, आणि त्या विचाराची तिला किळस आली. तिने मंगलाचा हात आपल्या हातातून सोडवला.

"त्या खोलीनेच आईंना मारलं," ती म्हणाली. आवाज वर्गात शिकवतानासारखा स्वच्छ निघाला. "झरोका मी बंद केला होता. दार बंद होतं. हवा ओली झाली तरी मी कूलर चालू ठेवला. त्या उकडून गेल्या, मंगलाताई. डॉक्टरांनी सांगितलं मला. फोन लावा."

बायकांच्या हातातले पदर थांबले. मंगलाने स्पीकरवर फोन लावला. पहिल्यांदा उचलला गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा ती किंचाळलीच, "रितेश, दार उघड! पुठ्ठे फाड, बाबाला बाहेर आण निंबाखाली! विचारू नको काही, कर आधी!"

फोन तसाच चालू राहिला. धावण्याचा आवाज आला, पुठ्ठा टराटरा फाटल्याचा, कुणीतरी कुणाला उचलत असल्याचा. मग लांबून एक म्हातारा, घोगरा, चिडलेला आवाज आला, पाणी मागणारा. "मम्मी, बाबा पूरे भीगे हुए थे," रितेश म्हणाला. "काय बोलत होते समजत नव्हतं. पण आता पाणी पीत आहेत."

"डॉक्टरला बोलाव. मी निघते," मंगला म्हणाली आणि फोन ठेवला.

ती चारुलताकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता अजून. ती काहीतरी जुळवत होती.

"डॉक्टर तुम्हाला बोलले, मंग तुम्ही काय सांगितलं?"

"खोली उघडी होती म्हणाले."

"दादाला?"

"नाही सांगितलं."

"आणि मी आत्ता बाबांची गोष्ट काढली नसती तर?"

चारुलताला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलून झालंच होतं.

"तर कधीच सांगितलं नसतं," ती म्हणाली.

मंगला उठली. कोपऱ्यातली पिशवी घेतली, चपला शोधल्या. सगळ्या बायकांनी पाय आखडून तिला वाट करून दिली. दारात अरविंद उभा होता. ओट्यावरच्या पुरुषांचं बोलणं केव्हाच बंद पडलं होतं. भावाच्या खांद्यावर तिने डोकं टेकलं, थोडा वेळ तशीच राहिली. मग मागे न बघता म्हणाली, "दहाव्याला येईन मी. मायसाठी येईन."

ती गेल्यावर खोलीतल्या बायका एकेक करून उठल्या. जाताना कुणीच चारुलताच्या पाठीवर हात ठेवला नाही.